चार वाजल्यानंतरची शाळा

"मॅडम, नमस्कार. मी गारगोटीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पाळ्या बदलत असतात. मिस्टर साखर कारखान्यात, हंगामात त्यांचीही रात्रपाळी. लेक पाचवीत आहे, सेमी-इंग्रजीला, अभ्यासात चांगली. संध्याकाळी ती आणि सासूबाई दोघीच घरी असतात आणि सासूबाईंना आता नीट दिसत नाही. कोल्हापूरजवळ, हातकणंगल्याच्या बाजूला एक सीबीएसई शाळा बघून आलो. हॉस्टेल आहे, रोज ये-जा करणारी मुलंही आहेत. स्विमिंग पूल, घोडे, सगळं आहे. मुक्कामाची फी डे स्कॉलरच्या अडीचपट. माझा भाऊ कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, तो म्हणतो आमच्याकडे ठेव, शाळेची बस जवळच येते. मिस्टर म्हणतात, खर्च करायचाच तर पुरता करू, हॉस्टेललाच ठेवू. सासूबाई म्हणतात, 'पोरगी काय जड झालीया व्हय तुमास्नी?' मुलाखतीत तिथल्या मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं, मला बोलता आलं नाही, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. पंधरा दिवसांत पैसे भरून जागा धरा, असं सांगितलंय. काय करू?
– एक आई, गारगोटी"

ताई,

आधी त्या मुलाखतीबद्दल. ते वाक्य तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय, पण सगळ्यात जास्त तेच खुपतंय असं मला वाटलं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 13 प्रमाणे आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावता येत नाही. लावली तर शाळेला पहिल्या वेळी 25 हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही, तेवढं बघून घ्या. बाकी खासगी शाळांना तो आहेच, मग त्या सरकारचा एक रुपया न घेणाऱ्या का असेनात. तेव्हा तुम्हाला इंग्रजी आलं नाही यावर तुमच्या लेकीचा प्रवेश अडवता येणार नाही. रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या लेकीसुनांची बाळंतपणं सांभाळणाऱ्या बाईनं चार इंग्रजी वाक्यांसाठी मान खाली घालायची गरज नाही. पुढच्या वेळी सरळ मराठीत बोला आणि समोरून मराठीत उत्तर येतं का बघा. हे मी मानापमानासाठी सांगत नाही. मुलगी हॉस्टेलला असली आणि तिला ताप चढला, तर रात्री अकराचा फोन तुम्हालाच येणार आहे. तो तुम्हाला समजेल अशा भाषेत यायला हवा.

आता शाळेचं. तुम्ही तिथं काय पाहिलंत? पूल, घोडे, चकचकीत वर्ग. हे सगळं दिवसाचं. सीबीएसईचा अभ्यासक्रम या शाळेत आणि शेजारच्या शाळेत एकच असतो. हॉस्टेलसाठी तुम्ही जे अडीचपट पैसे मोजणार, ते दुपारी चार वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंतच्या पंधरा तासांचे. ते पंधरा तास तुम्हाला कुणी दाखवले नाहीत, तुम्हीही विचारले नाहीत. यात तुमचा दोष नाही. पालकांना शाळा दाखवायची पद्धतच तशी पडलीय. मी शिक्षिका होते आणि बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते, म्हणून ठामपणे सांगते: मुक्कामी शाळेत मुलीचं बरंवाईट ठरतं ते रेक्टरबाईंवर. प्राचार्य कितीही विद्वान असोत, रात्री दोन वाजता पोटात दुखणाऱ्या मुलीजवळ ते नसतात.

म्हणून पैसे भरायच्या आधी पुन्हा एकदा जा. शाळेनं ठरवलेल्या 'ओपन डे'ला नको, मधल्या वारी, दुपारी चारनंतर. आधी फोन करून सांगा की संध्याकाळ बघायची आहे आणि मेसमध्ये जेवायचं आहे, पैसे भरून जेवू. चांगली शाळा आनंदानं हो म्हणते. जी शाळा "त्या वेळेत पालकांना परवानगी नाही" एवढंच सांगून गप्प बसते, तिच्याविषयी मला पुढं फारसं ऐकायचं नसतं.

तिथं गेल्यावर काय बघायचं? संडास-न्हाणीघरं आधी. कड्या आतून लागतात का, दिवे चालू आहेत का, गरम पाणी सगळ्यांना पुरतं की पहिल्या दहा जणींनाच मिळतं. कपडे कुठं वाळतात ते बघा. आपल्याकडे जूनच्या शेवटापासून जी झड लागते, त्यात ओले मोजे आणि ओला युनिफॉर्म अंगावर घालून बसणारी मुलं मी पाहिलीत. सर्दी-खोकला, खाज सगळं तिथून सुरू होतं. आजारी मुलीची खोली वेगळी आहे का, तिथं नर्स रात्री थांबते की संध्याकाळी घरी जाते. हे तर तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं जोखाल. औषधांचं कपाट उघडायला सांगा, नोंदवही बघा. कुणाला काय औषध कधी दिलं, सही कुणाची, घरी कळवलं का. त्या एका वहीवरून तुम्हाला अख्खं हॉस्टेल कळेल.

मेसला अन्न सुरक्षा परवाना लागतो, तो भिंतीवर लावलेला असायला हवा. पण परवान्यापेक्षा ताटाकडे बघा. मुली वाढून घेतलेलं संपवतात की टाकतात? भाकरी कधी मिळते का? आपल्या मुलींना आठवडाभर नुसता मैदा आणि पनीर मानवत नाही.

मग रेक्टरबाईंशी बोला, निवांत. किती वर्षं आहेत इथं, त्याच मजल्यावर झोपतात का, त्यांच्याकडे किती मुली, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी कोण बघतं. आणि हा प्रश्न न लाजता विचारा: मुलीला पहिली पाळी इथं आली तर काय करता? तुमची लेक त्या वयाला आलीच आहे. नीट रेक्टर असेल तर ती लगेच सांगेल की पॅड कुठं ठेवलेले असतात, आईला फोन कधी करते, दुखत असेल तर वर्गातून सूट कशी देते. उत्तर देताना ती अडखळली, की समजा हा विचार तिथं झालेलाच नाही.

सातवी-आठवीतली एखादी मुलगी भेटली तर तिच्याशी दोन मिनिटं बोला. "आवडतं का गं इथं?" असं विचारू नका, त्याला सगळ्या हो म्हणतात. विचारा, "रात्री पोटात दुखलं तर कुणाला उठवतेस?" तिनं पटकन नाव घेतलं, मावशींचं, ताईंचं, रेक्टरबाईंचं, कुणाचंही, तर त्या हॉस्टेलला माणूस आहे. "सकाळपर्यंत थांबते" असं म्हणाली तर गाडी काढा आणि गारगोटीला परत या.

सुरक्षिततेचं बोलायला पालक कचरतात, जणू विचारलं तर शाळेवर संशय घेतल्यासारखं होईल. विचाराच. राज्य सरकारनं 2022 मध्ये प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री समिती' नेमायला सांगितलं आहे. ती आहे का, तिच्यावर पालकांपैकी कोण आहे. तक्रारपेटी कोण उघडतं. सीसीटीव्ही जिन्यात, व्हरांड्यात हवेत. खोलीत नि न्हाणीघराकडे तोंड करून मुळीच नकोत. पॉक्सो कायद्याखाली मुलावरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखानं तो दडवला तर त्यालाही शिक्षा आहे. मुलीनं घरी केलेला फोन कुणी शेजारी उभं राहून ऐकतं का, हेही विचारा. आठवड्यातून एकदाच फोन असेल तर चालेल, पण तो तिला एकटीला बोलता यायला हवा. आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला आजच पाठ करून द्या, शाळा कुठलीही ठरो.

आता तुमचा खरा प्रश्न, मुक्काम की ये-जा. तुम्ही पाहिलेल्या शाळेत दोन्ही प्रकारची मुलं आहेत, हे मला आवडलं. रोज शंभर-दोनशे घरांमध्ये संध्याकाळी "आज शाळेत काय झालं" विचारलं जातं, तिथं फार काही झाकून राहत नाही. पण प्रमाण विचारून घ्या. मुक्कामी मुली अगदीच थोड्या असतील, तर शनिवारी दुपारी बस सुटल्या की हॉस्टेल ओस पडतं, उरलेल्या पाच-सहा मुली भिंतीकडे बघत बसतात. उलट मुक्कामी जास्त आणि ये-जा करणारी थोडी असतील, तर खरा खेळ, नाटकाच्या तालमी, शंकासमाधान सगळं पाचनंतर होतं आणि डे स्कॉलर तोवर बसमध्ये असतात. मैत्र्याही मग दोन गटांत पडतात. तेव्हा विचारा, शनिवार-रविवारचं वेळापत्रक काय आणि उशिराची बस आहे का. बऱ्याच शाळांत 'डे बोर्डिंग' असतं: मुलगी संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबते, खाणं, खेळ, गृहपाठ तिथंच उरकते आणि झोपायला घरी येते. त्याची फी हॉस्टेलच्या मानानं बरीच कमी असते. तुमच्यासाठी हाच पर्याय सगळ्यात जवळचा आहे, असं मला वाटतं.

कारण तुमची लेक एकदम तीन गोष्टी बदलणार आहे: घर, बोर्ड आणि माध्यम. सेमीला असल्यामुळं गणित-विज्ञानाचे शब्द तिच्या ओळखीचे असतील, पण इतिहास, भूगोल, वर्गातलं बोलणं, मैत्रिणींचं भांडण, सगळं इंग्रजीत पहिल्यांदाच. पहिल्या सहामाहीत तिचे मार्क पडतील. हुशार मुलीचे पडले की तिला ते जास्त लागतं. त्या दिवशी तिला रात्री कुणाच्या तरी कुशीत शिरून मराठीत रडता आलं पाहिजे. (मराठीचा तास तिथंही असेलच, 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे. तो खरंच होतो का, वह्या मागून बघा.)

ती कूस मामाच्या घरात मिळेल का? तुम्ही लिहिलंय, "भाऊ म्हणतो ठेव." वहिनी काय म्हणतात, ते लिहिलेलं नाही. ताई, डबा पहाटे त्या करणार. बस चुकली तर धावपळ त्यांची. भाचीला ताप आला तर रजा त्यांची. त्यांना एकटीला भेटा, भावासमोर विचारू नका, भावासमोर त्या हो म्हणतील. खर्चाचं स्पष्ट बोला: महिन्याला किती देणार, आणि "घरच्याच मुलीचे काय पैसे घ्यायचे" असं म्हणाल्या तरी द्या. तुमची लेक कुठं झोपेल, कुठं अभ्यासाला बसेल, त्यांच्या मुलांच्या परीक्षा असतील तेव्हा काय, हे आधी ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी ती एसटीनं गारगोटीला येईल, तिला कोण बसवून देईल, तेही. दोन मुलांची आई असलेल्या बाईला दर आठवड्याला ते दोन दिवस मोकळे मिळणं फार मोलाचं असतं. वहिनींच्या आवाजात जराही ओढाताण जाणवली तर हा बेत सोडून द्या. वर्षभरानं मुलगीही दुखावते आणि माहेरही.

सासूबाईंना मात्र तोडून बोलू नका. जिच्यासोबत त्यांची रोजची संध्याकाळ जाते, ती नातच घरातून चाललीय, त्या बोलणारच. त्यांना सांगता येईल की लेकरं बोर्डिंगात ठेवून शिकवणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग उभं केलं. त्याच काळात जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी जातीजमातींची बोर्डिंगं इथं उभी राहिली आणि आसपासच्या गावातली गरिबांची पोरं त्यात राहून शिकली. आईबापांना जड झाली म्हणून ती आली नव्हती. पण एक फरक मान्य करू या. ती बोर्डिंगं नसती तर त्या पोरांचं शिक्षणच झालं नसतं. तुमच्या लेकीला गारगोटीत शाळा आहे, तिचं शिक्षण थांबलेलं नाही. थांबलीय ती तिच्या संध्याकाळची सोबत. म्हणून सासूबाईंनाही शाळा बघायला घेऊन जा. डोळ्यांनी कमी दिसत असलं तरी मेसमधला भात शिजलाय की नाही ते त्यांना कळेल, आणि घरात निर्णय झाल्यावर तो त्यांचाही असेल.

लेकीला काय वाटतं, हेही पत्रात कुठं नाही. तिला पूल आणि घोडे आवडले असतील तर ते ठीकच आहे, अकराव्या वर्षी तेच आवडणार. शाळेकडून सहावीचं आठवड्याचं वेळापत्रक मागून घ्या आणि पोहण्याचा तास कितीदा येतो ते तिच्यासोबत बघा. तिला खरं ते कळू द्या. वेळापत्रकात सहावीपासूनच जेईई-नीटचं 'फाउंडेशन' रोज दोन तास दिसलं तर माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. या वयात ते दोन तास मैदानावर जायला हवेत.

मिस्टरांसाठी कागदांचं. सीबीएसईनं संलग्न शाळांना आपली माहिती वेबसाइटवर जाहीर करणं बंधनकारक केलं आहे: संलग्नता क्रमांक, इमारतीच्या आणि आगीच्या सुरक्षिततेचे दाखले, पाण्याचा व स्वच्छतेचा दाखला, शिक्षकांची संख्या, फी, गेल्या तीन वर्षांचे निकाल. ते पान उघडा. दाखल्यांच्या तारखा संपलेल्या आहेत का बघा. संलग्नता कुठल्या इयत्तेपर्यंत आणि कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे बोर्डाच्या साइटवर पडताळा. शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक मागा, महाराष्ट्रातला असेल तर 27 नं सुरू होतो. फीबद्दल राज्याचा 2011 चा कायदा आहे. त्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं फी ठेवावी लागते आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. समितीतल्या पालकांपैकी एकाला भेटायला मिळेल का, असं विचारा. देणगी कुणी मागितली, 'बिल्डिंग फंड' म्हणून का होईना, तर ती बेकायदा आहे. बाकी सगळा खर्च एका कागदावर लिहून मागा: अनामत, धुलाई, युनिफॉर्म, सहली, बस, औषधं. आणि मुलगी दिवाळीत परत आली तर त्यातलं काय परत मिळेल, तेही त्याच कागदावर.

पावसाळ्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विसरून चालत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, कोल्हापूर तुटलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 39 च्या वर चाललं की शाळा काय करते? बस कोण थांबवतं, मुलींना घरी पाठवतात की ठेवून घेतात, किती दिवसांचं धान्य आणि डिझेल असतं, पालकांना कोण फोन करतं? तुमची लेक राजारामपुरीत, शाळा हायवेच्या पलीकडे आणि तुम्ही गारगोटीत, अशी तीन ठिकाणं असतील, तर हे उत्तर हवंच.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. कागलला केंद्र सरकारचं जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला जास्तीत जास्त 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. मुलींना फी नाही, पण मुक्काम सक्तीचा. प्रवेश परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. फॉर्म भरला असेल तर निकालापर्यंत खासगी शाळेत मोठी रक्कम अडकवू नका. राहून गेला असेल तर नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते.

एकच उत्तर द्यायचं तर माझं असं आहे. यंदा हॉस्टेल नको. वहिनी मनापासून तयार असतील आणि शाळेत डे बोर्डिंग असेल, तर सहावीला तिथं डे स्कॉलर म्हणून घाला. प्रवेश घेतानाच लेखी घ्या की सातवीत किंवा आठवीत जागा असेल तर तिला हॉस्टेलला प्राधान्य मिळेल. वर्षभरात ती मुक्कामी मुलींशी मैत्री करेल, रेक्टरबाईंना ओळखू लागेल आणि मग राहायचं की नाही ते तीच तुम्हाला सांगेल. वहिनींचं जमत नसेल, तर दोन वर्षं गारगोटीतच राहू द्या. मिस्टरांना सांगा, हॉस्टेलचे वाचलेले पैसे बाजूला टाका. त्यातल्या थोड्या पैशांत संध्याकाळी पाच ते आठ घरी थांबेल अशी एखादी शेजारची काकू किंवा कॉलेजची मुलगी बघा, जी अभ्यासही घेईल, इंग्रजी वाचूनही घेईल आणि सासूबाईंकडेही लक्ष देईल. मग आठवीत शाळा बदला. त्याहून उशीर नको, कारण नववीत सीबीएसईची नोंदणी होते आणि त्यानंतरची बदली अवघड जाते.

पंधरा दिवसांच्या मुदतीनं घाबरू नका. संध्याकाळ बघून झाल्याशिवाय आणि खर्चाचा कागद हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. तोवर जागा गेली तर जाऊ दे. वहिनींना या रविवारी भेटा, शाळेला फोन त्यानंतर करा.